डायलिसिसच्या चार तासांत मी देवळात जाऊन बसतो. याला श्रद्धा म्हणायची की सोय?

तळीकाठचा (धागा सुरू केला)

नमस्कार मंडळी. मी इथे एरवी मासळीच्या आणि पावसाच्या धाग्यांवर असतो, त्यामुळे हा विषय बघून काहीजण दचकतील.

बायकोच्या दोन्ही किडन्या गेल्या. दीड वर्ष झालं. मंगळवार, गुरुवार, शनिवार फोंड्याला डायलिसिस. तिला यंत्राला जोडलं की पुढचे चार तास मला काम नसतं. पहिले दोन महिने बाहेरच्या बाकड्यावर काढले. समोर टीव्ही, त्यावर आवाज बंद करून लावलेल्या बातम्या, शेजारी आपल्यासारखीच तोंडं. एके दिवशी उठलो, स्कूटर काढली आणि बांदिवड्याला नागेशीच्या देवळात गेलो. का, ते विचारू नका. जवळ आहे म्हणून असेल.

घर देवाधर्माचं, मी नाही. चतुर्थीला आरतीत झांज वाजवतो, कारण झांज मला चांगली येते. त्या दिवशी तळीच्या पायऱ्यांवर बसून मासे बघितले. मग आत जाऊन सभामंडपात वर लाकडात कोरलेलं रामायण बघत बसलो. हात जोडले की नाही ते आठवत नाही. परत आलो तर बायको म्हणाली, "आज तुझा आवाज खाली आलाय."

तेव्हापासून जातो. मागत काही नाही. क्रिएटिनिन कमी कर असं देवाला सांगायची लाज वाटते. पण एखादा दिवस चुकला तर दिवसभर काहीतरी राहिल्यासारखं वाटतं. ज्याला चाळीस वर्षं ओळख दाखवली नाही, त्याच्याच ओसरीवर अडचण आल्यावर जाऊन बसायचं, हे बरं दिसतं का? तुमच्यापैकी कोणाला दुःखात देवाचा खरोखर आधार वाटला आहे का? वाटला तर नेमका कसा?

आणखी एक. प्रसादाचं केळं तिला चालत नाही, नारळ नाही, शहाळं तर नाहीच. सगळं पोटॅशियम. पाणीसुद्धा मापून. त्यामुळे देवळातून मी तिच्याकडे रिकाम्या हातांनी येतो, ते फार लागतं.

सुरंगी

तळीकाठचे, आधी वहिनींना नमस्कार सांगा. बाकी उत्तर नंतर सावकाश लिहिते, आत्ता डोळे भरलेत.

नास्तिक_नाना

सोय. शीर्षकातच उत्तर आहे. झाडाची सावली, थंड फरशी, तळीचं पाणी, शांतता. त्याच जागी ग्रंथालय असतं तरी आवाज खाली आला असता. देवाला कशाला श्रेय द्यायचं?

व्हय_म्हाराजा

नाना, ग्रंथालयात मोठ्याने रडलं तर बाहेर काढतात.

कोथरूडहून

मी गोव्याचा नाही, पण विषय जिव्हाळ्याचा आहे म्हणून लिहितो. दुःख हे देहाचं असतं, आत्म्याचं नव्हे. एकदा देह म्हणजे मी नव्हे हे उमगलं की दुःखाला आधारच उरत नाही. साक्षीभावाने पाहायला शिका. रोज वीस मिनिटं

(पुढचा मजकूर मोठा असल्याने घडी घातली आहे. – संचालक)

बंद_टिप्पर

संचालकांना देव बरें करूं.

माशेलची_सून

कोथरूडहून, साक्षीभाव ठीक आहे, पण ज्याची बायको सुईला जोडलेली आहे त्याला हे सांगायची ही वेळ नव्हे. राग मानू नका.

तळीकाठचे, प्रसादाचं सांगते. माझे सासरे तीन वर्षं डायलिसिसवर होते. केळं-नारळ घेऊच नका. भटांकडे गंध आणि फूल मागा, तेही प्रसादच असतं. फूल त्यांच्या उशाशी ठेवायचं, गंध कपाळाला. तीर्थ पळीभरच असतं, पण तेसुद्धा आम्ही दिवसाच्या पाण्यात धरायचो आणि सासरे त्यावर हसायचे, म्हणायचे, "देवाचा हिशोब तुझ्या वहीत लिही." आणि भाज्या चिरून, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकून देता ना? आम्हाला हे पहिले सहा महिने कोणी सांगितलंच नव्हतं. आहारतज्ज्ञांना भेटला नसाल तर जरूर भेटा.

फोंड्याचा_बन

गोवेकराला नारळ बंद म्हणजे जेवणच बंद. वहिनींच्या जिद्दीला सलाम. आमच्याकडे एक दिवस माशाच्या हुमणात खोबरं कमी पडलं तर घरात सुतक असतं.

व्हय_म्हाराजा

आता मूळ प्रश्नाचं माझं उत्तर. तळीकाठचे, मागायची लाज कसली वाटते? आपल्याकडे देवाशी बोलायची रीतच गाऱ्हाण्याची आहे. माझे आजोबा पेडण्याच्या बाजूला गावकऱ्यांच्या वतीने गाऱ्हाणं घालायचे. ते प्रार्थनेसारखं मऊ नसतं. त्यात देवाला कामाला लावायचं असतं. बा म्हाराजा, हे तुझं लेकरू, याच्या घरात काय वाकडं-तिकडं असेल ते सरळ कर, आणि मागे उभे असलेले सगळे "व्हय म्हाराजा". तिथे लाजायला जागाच नाही. राखणदार आहे ना तो? मग राखण करायला नको?

लहानपणी मला वाटायचं की सगळी ताकद आजोबांच्या शब्दांत आहे. आता वाटतं, ती मागच्या "व्हय म्हाराजा"त होती. एकाचं दुखणं वीस माणसं मोठ्याने कबूल करायची. तुम्ही तळीवर एकटे बसता, तिथे हे "व्हय" म्हणणारं कोणी नसतं. म्हणून इथून म्हणतो: व्हय म्हाराजा.

सुरंगी

व्हय म्हाराजा.

फोंड्याचा_बन

व्हय म्हाराजा.

बंद_टिप्पर

व्हय म्हाराजा.

माझं सांगतो. आजारपण नाही, पण दुःखाला काय एकच दार असतं? आम्ही साखळीच्या बाजूचे. खाणीचा माल वाहणारे दोन टिप्पर होते, दोन्ही कर्जावर. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या. मधे पुन्हा सुरू झाल्या, वाटलं सुटलो. 2018 च्या मार्चमध्ये परत बंद. दारात उभ्या टिप्परच्या टायरांवर शेवाळ बघितलंय तुम्ही? मी बघितलंय. एक टिप्पर भंगारात दिला तेव्हा वजनकाट्यावर उभं राहून पोराच्या शाळेच्या फीचा हिशोब करत होतो.

रात्री झोप नाही, बायकोशी भांडण, गावात तोंड चुकवणं. एका गुरुवारी शेजारच्याने जबरदस्तीने देवळात भजनाला नेलं आणि हातात टाळ दिले. बघतो तर समोर बसलेले अर्धे माझ्यासारखेच, टिप्पर गेलेले. कोणी कोणाला हप्त्याचं विचारत नव्हतं. दीड तास नुसता ताल सांभाळायचा. ताल चुकला की बुवा डोळे मोठे करायचे, आणि खरं सांगतो, त्या काळात माझी तेवढी एकच चूक सुधारता येण्यासारखी होती.

देवाने टिप्पर परत दिला नाही. पण त्या गुरुवारांमुळे मी बुधवारी मेलो नाही. याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा.

ता. क. आमच्या मंडळाचा पखवाजवाला एका पतसंस्थेत वसुलीला होता. भजनात दोघं एका ठेक्यात, दुसऱ्या दिवशी सकाळी तोच माझ्या दारात.

फोंड्याचा_बन

टिप्पर, हा शेवटचा भाग वाचून हसू की रडू? वेगळा धागा काढा यावर.

मठग्रामकर

आपल्या देवांबद्दल एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. अंत्रुजातले, म्हणजे फोंड्याच्या भागातले, किती देव मूळचे तिथले आहेत? मंगेश कुशस्थळीचा, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीचा. शांतादुर्गा केळोशीची, म्हाळसा वेर्ण्याची, रामनाथ लोटलीचा. सोळाव्या शतकात, 1560 च्या आसपास, पोर्तुगीज देवळं मोडू लागले तेव्हा लोकांनी हे देव जुवारी नदी ओलांडून आणले, कारण अंत्रुज तेव्हा आदिलशाहीत होता. आमचा दामोदर मडगावहून जांबावलीला गेला. आपण ज्यांच्यापुढे आपली गाऱ्हाणी घालतो ते सगळे स्वतःचं घर सोडून आलेले आहेत. मंगेशीला गेलो की माझ्या मनात हे येतंच. याला माहीत आहे, असं वाटतं. तळीकाठचे, तुम्ही बसता त्या पायऱ्यांवरही हाच विचार करून बघा.

नास्तिक_नाना

व्वा. म्हणजे ज्याला स्वतःचं देऊळ वाचवता आलं नाही, त्याच्याकडे हे किडनी मागायला जाणार?

मठग्रामकर

नाना, त्याला माणसांनी वाचवलं. रात्री होडीत घालून, पकडले गेलो तर काय होईल हे माहीत असताना. माझा मुद्दा तिथेच आहे. आधार एकाच बाजूने नसतो.

इतिहासखोर

सगळं बरोबर, फक्त एक दुरुस्ती. नागेशी त्या यादीत बसत नाही. तो बांदिवड्याचाच. देवळाच्या आवारात 1413 सालचा शिलालेख आहे, म्हणजे पोर्तुगीज यायच्या शंभर वर्षं आधीचा. तळीकाठचे ज्याच्यापाशी बसतात तो कुठेही गेला नाही, तिथेच बसून आहे.

मठग्रामकर

मान्य. घाईत अख्खा अंत्रुज एका होडीत घातला.

माशेलची_सून

जागचा न हललेला देव. तळीकाठचे, बाकड्यावर बसणाऱ्या माणसाला हाच योग्य.

नास्तिक_नाना

जरा गंभीरपणे लिहितो, कारण वरती माझा सूर उगाच लागला.

माझा मुलगा नऊ वर्षांचा असताना गेला. ताप, मग मेंदूज्वर, आठ दिवसांत. त्याला आता तीस वर्षं होत आली. मी आधी नास्तिक नव्हतो. घरी सोवळ्यात पूजा मीच करायचो. मला देवापासून तोडलं ते देवाने नाही, भेटायला आलेल्या माणसांनी. एक म्हणाला, देव आवडत्या माणसांना लवकर नेतो. एक म्हणाली, मागच्या जन्मीचं देणं असेल. एका शिकलेल्या गृहस्थाने सांगितलं, देव तुमची परीक्षा बघतोय. माझी परीक्षा घ्यायला पोर कशाला? बाराव्या दिवशी मी देव्हाऱ्याचं दार लावलं.

तेव्हा मला देव नको होता आणि तत्त्वज्ञान तर अजिबात नको होतं. शेजारी येऊन तोंड न उघडता बसणारं कोणीतरी हवं होतं. मिळालं नाही.

सुरंगी

नाना... मूर्ती तेच करते ना? तोंड न उघडता बसते.

नास्तिक_नाना

सुरंगीबाय, हे मला आवडलेलं नाही. पण उत्तरही सुचत नाही.

खुरसाकडची

नाना, तुमचं वाचून राहवलं नाही. मी म्हापशाची, ख्रिस्ती, शाळेत मराठी शिकले म्हणून इथे वाचत असते. आमच्या बायबलात ईयोबाची गोष्ट आहे. त्याचं सगळं जातं, मुलं, गुरं, अंगाला फोड येतात. त्याचे तीन मित्र येतात आणि सात दिवस सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसतात, एक शब्द न बोलता. तोपर्यंत सगळं चांगलं चाललेलं असतं. मग ते बोलायला लागतात, तूच काहीतरी पाप केलं असशील वगैरे, आणि शेवटी देव त्या मित्रांनाच रागावतो. तुमच्या घरी आलेले लोक सात दिवसांनंतरचे मित्र होते.

माझ्या आईला कॅन्सर झाला तेव्हा बांबोळीच्या हॉस्पिटलात येणं-जाणं असायचं. वाटेत फुलांचा खुरीस, म्हणजे क्रूस आहे, तुम्हा सगळ्यांना माहीत असेल. तिथे मेणबत्ती लावायला थांबायचे तर शेजारी हार घातलेल्या, कुंकू लावलेल्या बायका. कोणाचा कोण आत दाखल आहे ते कोणी विचारत नसे. एकदा काडेपेटी संपली होती. एका बाईने तिची पेटती मेणबत्ती वाकडी करून माझी लावून दिली. आई राहिली नाही. पण त्या दोन वर्षांतली मला सगळ्यात जास्त काय आठवते सांगू? ती मेणबत्ती.

व्हय_म्हाराजा

बाय, म्हापशाच्या मिलाग्र सायबिणीला, म्हणजे तुमच्या मेरीमातेला, आणि शिरगावच्या लईराईला बहिणी मानतात, तेव्हा तुम्ही इथे परक्या कशा?

मये_तळे

लईराईचं नाव निघालं म्हणून लिहितो, नाहीतर गप्पच राहणार होतो. माझा चुलतभाऊ धोंड, म्हणजे तिचा व्रत पाळणारा भक्त आहे. 2025 च्या जत्रेला चेंगराचेंगरी झाली तेव्हा तो तिथेच होता. तो वाचला, काहीजण गेले. देवीच्या भेटीला आलेली माणसं, व्रत पाळून, ओल्या अंगाने. सांगा आता, कुठे होता आधार?

मी त्याला हेच विचारलं, थोडं चिडूनच. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "देवीला काय विचारतोस? वाटेला विचार. उतार, अरुंद, आणि एवढी माणसं." त्याची श्रद्धा तसूभर हलली नाही आणि राग पण गेला नाही. दोन्ही एकाच माणसात कसं मावतं ते मला अजून कळलेलं नाही. हल्ली तो गर्दीत कुठेच जात नाही, लग्नालाही नाही. पण वेताची काठी घरात आहे, जागेवर.

सुरंगी

यावर मी काही लिहीत नाही. फक्त वाचलं हे कळावं म्हणून.

वास्कोचा_सप्ताह

माझं नावच सप्ताह, म्हणजे वास्कोच्या दरवर्षीच्या अखंड भजनाचं, तेव्हा बोलायला हवं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी वास्कोत प्लेग आला. लोक जांबावलीला दामोदराकडे गेले, तिथून नारळ आणला, तो ठेवून चोवीस तास अखंड भजन केलं. दरवर्षी श्रावणात ते अजून चालू आहे. जुना नारळ समुद्रात सोडायचा, नवा ठेवायचा. माझ्या घरातल्या चार पिढ्या त्या भजनात बसल्या. दुःखात देवाचा आधार म्हणजे काय, तर माझ्यासाठी तो एक नारळ.

नास्तिक_नाना

प्लेग उंदरांवरच्या पिसवांनी पसरतो आणि साथी ओसरतातच. हाफकिनने 1897 मध्ये मुंबईत लस तयार केली होती. नोंद असावी.

वास्कोचा_सप्ताह

नोंद घेतली नाना. भजनाने पिसवा मेल्या असं मी कुठे म्हटलं? पण ज्या गावात लोक एकमेकांच्या दारात जायला घाबरत होते, तिथे कोणीतरी म्हणालं, चला, एकत्र बसू. (साथीच्या डॉक्टरी दृष्टीने ही चूकच, ते मान्य.) तुम्ही श्रावणात या. फेरीच्या बाजारात खाजं घेऊन देतो.

नास्तिक_नाना

खाज्यासाठी येईन. भजनासाठी नाही.

फोंड्याचा_बन

स्क्रीनशॉट काढून ठेवला आहे.

मोडी_अक्षर

विषयांतर करतो, पण कोणाच्या लक्षात आलंय का? घरात आपण कोंकणी बोलतो, भांडतो कोंकणीत, मासे घेतो कोंकणीत. आरती आणि भजन मात्र मराठीत. दुःखात देवाकडे कुठल्या भाषेत जाता?

बंद_टिप्पर

स्तुती मराठीत. शिव्या कोंकणीत. दोन्ही पोचतात.

संचालक

भाषावादाचा धागा वेगळा आहे आणि तो मी तीनदा बंद केला आहे. इथे नको, पाया पडतो.

गीताव्रती

तळीकाठचे, तुम्ही विचारलंय ना, अडचणीत जाणं बरं दिसतं का? गीतेच्या सातव्या अध्यायात चार प्रकारचे भक्त सांगितलेत: आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. त्यात आर्त, म्हणजे दुःखाने पोळून आलेला, पहिल्यांदा येतो. ज्ञान्याला आपला आत्माच म्हटलंय, पण चौघांनाही उदार म्हटलंय. तेव्हा तुमचा तिथे बसायचा हक्क कागदोपत्री आहे.

फोंड्याचा_बन

आणि कुंतीने तर कृष्णाकडे संकटंच मागितली, म्हणजे त्याचं दर्शन घडत राहील. माझ्यातर्फे देवाला निरोप: मला दर्शन नाही घडलं तरी चालेल.

पांढरा_कोट

मी डॉक्टर आहे, पण किडनीचा नाही. एक वेगळीच गोष्ट बोलतो. या धाग्यावर सगळे वहिनींची चौकशी करतायत, आणि ते योग्यच आहे. पण तळीकाठचे, तुम्ही कसे आहात? दीड वर्ष, आठवड्याला तीन दिवस. झोप लागते का? जेवण जातं का? रुग्णाची काळजी घेणारा माणूस आधी चिडका होतो, मग गप्प होतो, आणि तोवर घरातल्या कोणाच्या लक्षात येत नाही. नागेशीला जाऊन बरं वाटतंय तर जात राहा, मी स्वतः मार्दोळच्या देवळात जातो. पण पहाटे तीनला उठून छताकडे बघत बसत असाल, सगळं संपावं असं वाटत असेल, तर 14416 ला फोन करा. टेलीमानस, सरकारी आहे, फुकट आहे. देव रागावत नाही.

माशेलची_सून

डॉक्टर, हे बरं विचारलंत. आम्ही सासऱ्यांकडे बघत राहिलो आणि सासूबाई खंगल्या.

तळीकाठचा

चार दिवस लिहिता आलं नाही, पण सगळं वाचलं. आधी डॉक्टरांना: झोप लागत नाही. पहाटे तीन नाही, साडेतीन. संपावं वगैरे वाटत नाही, पण तुमचा प्रश्न वाचून स्कूटर बाजूला लावून थोडा वेळ उभा राहिलो. दीड वर्षात मला हे कोणी विचारलं नव्हतं. नंबर सेव्ह केला आहे.

टिप्पर, बुधवारी न मेल्याबद्दल देव बरें करूं. नाना, तुमचं वाचून काय लिहू ते कळत नाही, म्हणून लिहीत नाही, नुसता बसलो आहे असं समजा.

आता प्रसादाचं. परवा भटांकडे गंध-फूल मागितलं. त्यांनी विचारलं, कोणासाठी? इतके महिने जातोय, पहिल्यांदा तोंड उघडून सांगितलं. ते काही बोलले नाहीत. आत गेले आणि पानावर मूठभर अबोली घेऊन आले. हॉस्पिटलात बायकोच्या हातात दिली. यंत्राची नळी एका हाताला, दुसऱ्या हाताने तिने एक एक फूल मोजलं. मग विचारलं, "तू देवळात जातोस? कधीपासून?"

मी तिला सांगितलंच नव्हतं. तिला वाटायचं मी चहा प्यायला जातो.

म्हणाली, मला का नेत नाहीस? तिला चढ झेपत नाही, दम लागतो. पण सोमवारी डायलिसिस नसतं, आणि मंगेशीची पालखी तिला लग्नाआधीपासून बघायची आहे म्हणे. हेही मला आत्ता कळतंय. सोमवारी पालखी आरतीआधी की नंतर?

मठग्रामकर

आधी. संध्याकाळच्या आरतीच्या आधी निघते. लवकर या, गाड्यांची गर्दी होते.

माशेलची_सून

रस्त्यापासून देवळापर्यंत चालायला आहे. वहिनींसाठी घडीची खुर्ची मी आणते, गाडीतच असते. आणि त्या दिवशीचं पाणी सकाळपासून हात राखून द्या, म्हणजे तिथे घोटभर पिता येईल.

नास्तिक_नाना

किती वाजता म्हणालात? मला त्या बाजूला एक काम आहे सोमवारी.

फोंड्याचा_बन

नाना, खाजं वास्कोत मिळणार होतं. मंगेशीला कसलं काम?

नास्तिक_नाना

खुर्ची एकटी बाई कशी उचलणार?